लॉनखालची स्प्रिंकलर लाइन ठेवायची की काढायची?

सहा महिने बंद असलेला बंगला घेतला की अंगणात वाळलेले लॉन आणि त्याखाली जुन्या मालकाने पुरलेली स्प्रिंकलरची लाइन मिळते. मग कुणीतरी सांगतो, चालवून बघा, फवारे उडाले तर ठेवा; गळती असेल तिथे ओल दिसेलच. मुरमाड जमिनीत हे चालेल. खान्देशच्या काळ्या जमिनीत हा सल्ला साफ चुकीचा आहे. उन्हाळ्यात ही माती आक्रसते, तिला खोल भेगा पडतात आणि पाइपचे जोड ताणले जातात. फुटलेल्या जोडाचे पाणी वर न येता भेगेतून खाली उतरते. वर सगळे कोरडे, खाली हौद रिकामा. म्हणून तपासणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास करा. थंडीत उत्तम चाललेली लाइन मेमध्ये गळताना मी पाहिली आहे.

आधी पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट लॉन म्हणजे 93 चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला 6 मिलिमीटर धरले तर साडेपाचशे लिटर रोज. नळाला रोज पाणी येत नाही अशा कॉलनीत हे परवडणार नसेल, तर पुढची तपासणी फक्त लाइनचा दुसरा उपयोग होईल का, यासाठी करायची.

पंपापासून व्हॉल्व्हपर्यंतची ती मेन लाइन; पुढे लॉनचे भाग, म्हणजे झोन, आणि प्रत्येक झोनचे पाणी टायमरवरचा विजेचा व्हॉल्व्ह सोडतो. या व्हॉल्व्हच्या कॉइल मल्टिमीटरने तपासा. 20 ते 60 ओहम आले तर ठीक.

आता खरे काम, प्रेशर टेस्ट. पंपानंतर एक बॉल व्हॉल्व्ह आणि त्याच्या पुढे प्रेशर गेज बसवा. सगळे झोन बंद ठेवून लाइन अडीच किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबापर्यंत भरा, बॉल व्हॉल्व्ह बंद करा, मग पंप बंद करा. बॉल व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंपाच्या नॉन-रिटर्नची (पाणी मागे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची) गळती तुम्ही पाइपच्या नावावर टाकाल. अर्धा तास काटा हलला नाही तर मेन लाइन चांगली.

काटा उतरला तरी लगेच कुदळ उचलू नका. मी उचलली होती. चाळीस फूट चर खणला, कामाला आलेल्या भाऊंची दोन दिवसांची मजुरी गेली, आणि पाइप अखंड निघाला. दोष होता व्हॉल्व्हमध्ये: बोअरच्या पाण्यातली वाळू डायफ्रॅमखाली (आतल्या रबरी पडद्याखाली) अडकली होती, म्हणून व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. हे ओळखायला सगळ्यात सखल जागेचा पॉप-अप, म्हणजे पाणी आले की जमिनीतून वर येणारा फवारा, बघा. झोन बंद केल्यावर पाइपात उरलेले पाणी तिथून थोडा वेळ झिरपते आणि थांबते. ते साहजिक आहे. तासाभराने पुन्हा प्रेशर भरल्यावरही झिरपतच राहिले, तर व्हॉल्व्ह उघडा, डायफ्रॅम धुवा, फाटला असेल तर बदला. कुठेच पाणी दिसत नाही आणि काटा मात्र उतरतो, तेव्हाच मेन लाइन फुटली समजा.

मेन पास झाली म्हणून झोनच्या लाइनी पास होत नाहीत. व्हॉल्व्ह बंद असताना त्यांच्यावर प्रेशरच नसते. बहुतेक जण इथेच फसतात. एकेका झोनचे पॉप-अप काढून आट्यांवर कॅप लावा, व्हॉल्व्ह हाताने उघडा आणि तीच टेस्ट करा. शेवटचे कॅप मात्र पाणी बुडबुड्यांशिवाय, सलग यायला लागल्यावरच घट्ट करा. आत हवा कोंडली असेल तर ती दाबून धरल्यासारखी राहते, गळती असूनही काटा फार हळू उतरतो आणि सडलेली लाइन पास होते. टेस्ट पहाटेच करा. उन्हात उघडा पाइप तापला की काटा खोटा चढतो.

निर्णय असा. मेन धरते आणि एखाद्याच झोनमध्ये गळती आहे: दुरुस्त करा, ठेवा, पहाटे चालवा. दुपारच्या वाऱ्यात फवारा उडवणे म्हणजे पाणी फेकणे. मेन धरते पण निम्म्याहून जास्त झोन गळतात: जोड दुरुस्त करत बसू नका. पुढच्या उन्हाळ्यात शेजारचा जोड सुटेल. झोनच्या लाइनी तोडा, मेन, व्हॉल्व्ह आणि टायमर ठेवा, व्हॉल्व्हनंतर फिल्टर आणि एक किलोवर आणणारा रेग्युलेटर लावून लिंबू, आंबा, मोगऱ्याला ठिबक द्या. केळीच्या वावरात जे चालते ते अंगणातही चालते. मेनच फुटली आणि पाणीही तुटपुंजे असेल, तर सगळेच सोडा.

सोडलेला पाइप खणून काढू नका. मेन पंपापाशी तोडून कॅप करा, पॉप-अप काढून खड्डे मातीने दाबून भरा. आणि भरण्याआधी प्रत्येक जोडाशेजारी टेप धरून भिंतीपासूनचे अंतर दिसेल असा फोटो काढून ठेवा.