परदेशात दत्तक बाळ हाती आल्यावर: दूध, बाटली आणि पहिला आठवडा

बाळ तुमच्या हातात देतात तेव्हा सगळे फोटो काढण्यात गुंग असतात. नवरा-बायकोपैकी एकाने तेवढ्यात बाळाला रोज दूध पाजणाऱ्या बाईंना गाठायचं. बाळ जिथे वाढलं त्या संस्थेच्या संचालकांना नव्हे. कागदावर काय लिहिलंय ते संचालक सांगतील, पण बाटली कशी धरायची ते त्या बाईच दाखवतील. मी दोन मुलं अशीच परदेशातून आणली, पुढे ओळखीतल्या काही जोडप्यांबरोबर त्यासाठी प्रवासही केला. दरवेळी घोळ होतो तो इथेच.

१. निघण्याआधी

सामानाची यादी तुम्ही केलीच असेल. स्वतःच्या लशी मात्र तपासा, आणि घरी जे जे बाळाला घेणार आहेत त्यांच्याही. गोवर आणि हिपॅटायटिस ए या दोन हमखास राहून जातात. हिपॅटायटिस ए लहान बाळात बहुधा दिसतही नाही, मोठ्यांना मात्र आडवं करतो.

२. ताबा घेताना

दूध कुठलं, किती पाण्याला किती चमचे, किती गरम, कोणत्या वेळी, आणि पाजताना मांडीवर घेतात की बाटली दुपट्याला टेकवून ठेवतात, एवढं विचारा. वापरातली बाटली निपलसकट मागून घ्या, नवी बदल्यात द्या. चालू डब्याचा फोटो काढा, तसेच दोन डबे विकत घ्या.

३. दूध पाजणं

‘घरून चांगल्या कंपनीचं दूध न्या आणि पहिल्या दिवसापासून तेच सुरू करा,’ हा सल्ला मला चौघांनी दिला होता. मी ऐकला. मुलाने दोनदा ओढलं, पाठीची कमान केली, मान फिरवली आणि किंचाळायला लागला. चार तास पोटात थेंब नाही. रात्री दोन वाजता संस्थेतून आणलेली बाटली सहज उलटी केली, तर दुधाची धारच लागली. निपलचं भोक कात्रीने मोठं केलेलं होतं. एकेका बाईकडे खूप बाळं, म्हणून ही सोय. त्याला ओढायची सवयच नव्हती. दूध तोंडात आपसूक पडायचं. आणि मी त्याच्यापुढे नवजात बाळाचं, सगळ्यात हळू वाहणारं निपल धरलं होतं.

मग मी दुसरं टोक गाठलं. सुई तापवून भोक वाढवलं. त्याने तीन मिनिटांत बाटली संपवली आणि सगळं माझ्या खांद्यावर ओकला. हे करू नका, दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. हळू, मध्यम, जोरात अशी तिन्ही निपलं विकत मिळतात ती न्या. जोरात वाहणाऱ्यापासून सुरुवात करा, बाळाला जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी ठेवा आणि दर पंधरा-वीस घोटांनी खाली करून त्याला दम घेऊ द्या. चार-पाच दिवसांत मध्यमवर याल. बाटली टेकवून ठेवण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडायची, आणि प्रत्येक वेळी तुमच्यापैकीच कुणी पाजायचं.

डबा आठवडाभर बदलू नका. मुक्काम त्याहून कमी असेल तर परदेशात बदलूच नका. नंतरही तीन भाग जुनं, एक भाग नवं, मग निम्मं-निम्मं, असं करत जा. दोन डब्यांची पावडर एका बाटलीत कधीच टाकू नका. कुठे एका चमच्याला ३० मिली पाणी असतं, कुठे ६० मिली. दोन्ही दुधं आपापल्या मापाने वेगळी करा आणि तयार दूध मिसळा. मी प्रत्येक चमचा त्याच्याच डब्याला चिकटपट्टीने लावून ठेवते. घट्ट दुधाने शरीरातलं पाणी कमी पडतं. पातळ दुधाने रक्तातलं सोडियम उतरून झटकेसुद्धा येऊ शकतात. ‘पचत नाही, थोडं पाणी वाढवा’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. बाळ एक वर्षाच्या आतलं असेल आणि तिथे नुसतं गाईचं दूध देत असतील, तर ते चालू ठेवायचं नाही. फॉर्म्युला, म्हणजे बाळांचं डब्यातलं पावडरचं दूध, कसा सुरू करायचा ते डॉक्टरांना विचारा.

‘भूक लागली की रडेलच,’ हेही खोटं. रडून कुणी येत नाही हे जे बाळ शिकलंय ते रडायचं सोडून देतं, आणि आपण म्हणतो किती शहाणं आहे! तोंडात मूठ, ओठांची चुळबुळ, इकडेतिकडे वळणारी मान, यावर लक्ष ठेवा आणि घड्याळ लावून दर तीन तासांनी बाटली पुढे करा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ढोबळमानाने दिवसाला किलोमागे १५० मिली लागतं, म्हणजे पाच किलोच्या बाळाला ७५० मिली. फार खंगलेलं बाळ असेल तर हा हिशोब लावू नका, त्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतील.

४. पाणी

बाटलीबंद पाणीही उकळा. उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे ७० अंशांच्या वर असतानाच पावडर घाला, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग बाटली नळाखाली गार करा. दोन तासांनंतरचं दूध आणि उष्टं दूध ओतून द्या.

५. ताप आणि जुलाब

दूध बदललं नाही तरी एखाद-दोन दिवस शी पातळ होते, घाबरू नका. खरे जुलाब लागले तर दूध चालूच ठेवा आणि प्रत्येक जुलाबानंतर जलसंजीवनी चमच्याचमच्याने द्या, ५० ते १०० मिली. पाकीट २०० मिलीचं आहे की लिटरचं, ते आधी वाचा. जुलाब थांबवायच्या मोठ्यांच्या गोळ्या बाळाला कधीही नाहीत.

सहा तास शू नाही, टाळू बसलेली, शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, किंवा बाळ मलूल होऊन बाटली नाकारतंय: लगेच दवाखाना. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप म्हणजेही तेच, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. पॅरासिटॅमॉलची तीव्रता देशागणिक आणि बाटलीगणिक वेगळी असते, म्हणून डॉक्टरांकडून डोस वजनाप्रमाणे मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. ‘एक चमचा’ हा डोस नव्हे.

तळहात-तळपायांवर खाजरे फोड दिसले तर खरूज धरून दाखवून घ्या. आम्हा दोघांनाही झाली होती.

६. विमान

चढताना-उतरताना बाटली तोंडात, कान सहसा दुखत नाहीत.

७. परतल्यावर

दोन आठवड्यांच्या आत बालरोगतज्ज्ञांकडे जा. तिथल्या रिपोर्टवर विसंबू नका. हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षयरोग आणि शीमधले जंत या तपासण्या नव्याने करा. काही संसर्ग सुरुवातीला रक्तात सापडत नाहीत, म्हणून त्यातल्या काही सहा महिन्यांनी पुन्हा कराव्या लागतात, त्याची तारीख तिथेच लिहून घ्या. जाताना जुन्या डब्याचा फोटो आणि ते कात्रीने कापलेलं निपलही न्या. आमच्या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवून आधी तेच हातात घेतलं.