कवंदी टांगण्याआधी

बेळगावकडच्या खानापुरात कवंदीच्या, म्हणजे सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून शिवतात त्या गोधडीच्या, प्रदर्शनाला हॉल मिळाला म्हणून लगेच खिळे ठोकायला धावू नका. आधी आफ्रिकी वंशाच्या या सिद्दींच्या वाडीवर जायचं, आणि वस्तूंची यादी घरी ठेवून जायचं. काय दाखवावंसं वाटतं आणि काय नको, हे तिथल्या लोकांकडूनच ऐकायचं. नको म्हणाले तर विषय संपला, चहा पिऊन परत या. अमेरिकेत जानेवारी २०२४ पासून सरकारी पैसा घेणाऱ्या संग्रहालयांना आदिवासी समाजाच्या संमतीशिवाय त्यांच्या पूर्वजांचे अवशेष आणि पवित्र वस्तू मांडता येत नाहीत. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयानं त्यापायी दोन अख्खी दालनं बंद केली. आपले तर फक्त चार खिळे वाचतील.

तारीख फेब्रुवारी-मार्चमधली धरा. तोवर भाताची सुगी-मळणी उरकलेली असते. वार मात्र त्यांनाच ठरवू द्या. सिद्दींत हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान तिन्ही आहेत, तेव्हा रविवार सगळ्यांना सोयीचा हे आपण गृहीत धरायचं नाही.

पाट्यांना सगळ्यात जास्त वेळ ठेवा. मागं एका प्रदर्शनात आम्ही कवंदीखाली ‘आदिवासी गोधडी, कारागीर अज्ञात’ असं छापून मोकळे झालो. ती शिवणारी आज्जी चार पावलांवर चहाचा कप धरून उभी होती. तिनं कोपऱ्यातलं फूल चाचपायला हात पुढं केला, तर आमच्याच पोरानं तिला हटकलं, ‘हात लावू नका.’ आज्जी काही बोलली नाही, कप ठेवला आणि दाराबाहेर जाऊन बसली. तेव्हा पाटीवर शिवणारीचं नाव आणि गाव तिला विचारून घाला, कुणाच्या लुगड्याचा तुकडा कुठं बसलाय तेही. कवंदी काठाकडून सुरू होते आणि धावदोऱ्यानं फिरत फिरत मधे येते. कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची फुलं नसली तर ती उघडी वाटते. आपल्या वाकळेशी तुलना करायचा मोह होईल, पण तिचं काम तिच्याच शब्दांत येऊ दे. मजकूर छापण्याआधी तिला वाचून दाखवा. वर कन्नड, खाली मराठी, आणि तिची कोंकणी फोनवर रेकॉर्ड करून ऐकवा.

‘आदिवासी’ हा शब्दही विचारूनच वापरा. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. पोर्तुगीजांच्या गुलामीतून पळून कितीतरी जण गोव्याहून घाटातल्या रानात शिरले. सरकारी यादीत अनुसूचित जमात म्हणून उत्तर कन्नडचे सिद्दी २००३ मध्ये आले, बेळगाव-धारवाडचे थेट २०२० मध्ये. स्वतःला ते काय म्हणवतात, तेच पाटीवर जाऊ दे.

पैशाचं आधी बोलून घ्या. बुडालेली मजुरी, बसभाडं, जेवण आणि वस्तूचं भाडं, सगळं त्याच दिवशी हातात. शाल-श्रीफळानं चूल पेटत नाही. दमामी, म्हणजे त्यांचा ढोलावरचा नाच, ठेवणार असाल तर वेळ, जागा, कोण नाचणार हे त्यांचं ते ठरवतील. मंत्र्यांची गाडी आली म्हणून मधेच थांबवायचा नाही. फोटो-व्हिडिओ कुठं जाणार ते सांगूनच अंगठा घ्या.

टांगताना स्टेपलर नको. वरच्या काठाला मागून कापडी नाडा शिवून काठीवर चढवा, आणि तो शिवायचं कामही आज्जीलाच, मजुरी देऊन. पावतीवर परतीची तारीख मिरगाच्या आधीची लिहा. पाऊस लागला की तिला ती अंगावर घ्यायला लागते.