थोरल्या दवाखान्यात इंटर्नशिपला चाललाय? आधी जांभळ्या बल्बचं ऐका

सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी थोरल्या दवाखान्यात, इंटर्नशिप सुरू होणारी दोघं-तिघं परवा घरी आली होती, काय वाचू, कुठलं ॲप घेऊ म्हणून. ॲपबिप काही घेऊ नका. म्हणजे पीजीच्या प्रवेश परीक्षेसाठी घ्या, तो विषय वेगळा, पण वॉर्डात रात्री अडीचला ॲप उपयोगी पडत नाही, तिथं सिस्टर आणि वॉर्डबॉय मामाच.

मी कोल्हापूरचाच, पण एमबीबीएसची सीट दुसऱ्या जिल्ह्यात लागली, इंटर्नशिपपण तिकडंच झाली. जी चूक सांगतोय ती तिथली आणि पूर्ण माझी.

एका बाईंची शीर काही केल्या सापडेना. तीनदा टोचलं, चौथ्याला कसंबसं रक्त आलं ते गडबडीत सगळं जांभळ्या बल्बमध्ये (बल्ब म्हणजे तपासणीचं रक्त भरायची रंगीत झाकणाची नळी) भरलं, आणि पोटॅशियम-कॅल्शियम तपासायच्या लाल बल्बला काहीच उरलं नाही. आता परत टोचायचं म्हणजे बाई रडणार, नातेवाईक भडकणार. मग काय, जांभळ्यातलं थोडं लालमध्ये ओतलं. बाई तीच, रक्त तेच, बिघडतंय काय?

रिपोर्ट आला, पोटॅशियम 9 च्या वर, म्हणजे हृदय बंद पडू शकेल इतकं, आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. जेआर, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर, पळतच आला, हृदय सांभाळायला कॅल्शियम ग्लुकोनेट काढलं, पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन भरायला घेतलं, आणि ईसीजी बघितला तर एकदम नॉर्मल. बाई निवांत पाणी मागत होती. तेवढ्यात सिस्टरनं हळूच विचारलं, "डॉक्टर, लाल बल्ब कशातनं भरलात?" माझं तोंड बघूनच तिला कळलं.

हे नीट समजून घ्या, कारण परीक्षेला सगळ्यांना येतं आणि वॉर्डात कुणाला आठवत नाही. जांभळ्या बल्बमध्ये ईडीटीए असतं ते पोटॅशियमच्या मिठाच्या रूपात. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणूनच रक्त गोठत नाही. म्हणजे ते रक्त लालमध्ये ओतलं की पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली, दोन्ही खोटं. आणि त्या खोट्या आकड्यावर इन्सुलिन दिलं असतं तर चांगल्या बाईचं खरं पोटॅशियम खाली आलं असतं, साखरपण. ओतायचंच असं नाही, जांभळ्यात टेकलेलं सुईचं टोक लालमध्ये गेलं तरी आकडा हलू शकतो. म्हणून क्रम पाठ करा, निळा, लाल, जांभळा, राखाडी. निळा खुणेपर्यंतच भरायचा, कमी पडला तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, उगाच लांबलेली येते. आणि रक्त पुरत नसेल तर ओताओती न करता सरळ सांगायचं, पुरलं नाही, परत घेतो. शिव्या बसतात, बसू देत.

आता सीपीआरचं. आमची आजी कधी सीपीआर म्हणाली नाही, कायम थोरला दवाखाना. मूळचं हे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, आराखडा मेजर मांटचा, ज्यानं टाऊन हॉल आणि नवा राजवाडापण केला. छत्रपती प्रमिलाराजेंचं नाव नंतरचं, आणि शाहू महाराजांच्या नावाचं मेडिकल कॉलेज तर अगदी अलीकडचं, गेल्या पंचवीसेक वर्षांतलं. म्हणजे शंभरावर वर्षं तो नुसता दवाखानाच होता. त्यामुळं चंदगड, गगनबावड्याहून एसटीनं आलेल्या माणसाच्या डोक्यात तुम्ही शिकायला आलाय हे नसतंच, त्याच्यासाठी पांढरा कोट म्हणजे डॉक्टर. हे ओझं पण आहे आणि सोय पण, कारण तो हात पुढं करतो.

बाहेरून येणाऱ्यांना एक, आज्जी "मी काल जेवलो न्हाई" म्हणाल्या तर गोंधळू नका, इकडच्या बायका असंच बोलतात. आजाराची हिस्टरी तिचीच असते, मागं उभ्या असलेल्या नवऱ्याची नव्हे.

आनंदीबाई जोशींना 1886 मध्ये अमेरिकेत डिग्री मिळाल्यावर याच हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डवर नेमणूक मिळाली होती. रुजू व्हायच्या आधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये, त्या पुण्यात वारल्या, वय 21. पुढं शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी इथं काम केलं. आपले काही सिनियर मात्र ब्लड कलेक्शन म्हणजे हमाली, असं पहिल्याच दिवशी शिकवतात. असल्या सिनियरच्या मागं फिरून केसपेपर तेवढे लिहायला येतात. मी त्यातल्याच एकाचं ऐकून ओतलं होतं, "एवढं काय, चालतं" म्हणाला होता, आणि रिपोर्ट आल्यावर गायब.

घाबरू मात्र नका. पहिला महिना सगळ्यांचाच वाईट जातो, शिरा सापडत नाहीत, पाय सुजतात, घरी जाऊन चिडचिड होते. दुसऱ्या महिन्यात हात बसतो.

त्या रात्री पहाटे चारला मी त्याच बाईंकडं परत गेलो, खरं काय झालं ते सांगितलं. म्हणाल्या, "मग आधीच सांगायचं की ओ," आणि दुसरा हात पुढं केला. एका टोचण्यात आलं. लाल आधी भरला. पोटॅशियम 4.1, एकदम नॉर्मल.