योम किप्पुर: उपासाच्या नादात या चुका टाळा

ज्यूंच्या तिश्री महिन्यातला दहावा दिवस म्हणजे योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस. कोकणातले बेने इस्रायली ज्यू याला दरफाळणीचा सण म्हणत आणि पांढरे कपडे घालून, दारं लावून दिवस प्रार्थनेत घालवत. आपल्याला मात्र उपास म्हटला की साबुदाणा आठवतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

इथे फराळ नाही, पाण्याचा घोटही नाही, तेही सुमारे २५ तास. २०२६ मध्ये तारीख २१ सप्टेंबर असली, तरी उपास २० तारखेला सूर्य मावळण्याआधीच लागतो. ज्यू मित्राला त्या रात्री जेवायला बोलावू नका. अंघोळ, तेल-अत्तर, चामड्याच्या चपला आणि शरीरसंबंधही वर्ज्य.

‘उद्या उपास, आज बेतानंच’ हेही चूक. आदल्या दिवशी नीट जेवणं हे धर्मकर्तव्यच आहे. लोणचं-पापड तेवढे टाळा, तहान लागते. चहाबाजांनी काही दिवस आधीपासून कप कमी करावेत, नाहीतर दुपारपर्यंत डोकं ठणकतं. जिवाला धोका असेल तर उपास मोडणं बंधनकारक. तिथे हट्ट म्हणजे पुण्य नव्हे.

सगळ्यात मोठी चूक मात्र पोटाशी संबंधित नाहीच. दिवसभर सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, बसलं की सगळं माफ, असं अनेकांना वाटतं. मिश्ना हा ज्यूंचा जुना धर्मनियमांचा ग्रंथ साफ सांगतो: देवाशी केलेल्या आगळिकीचं प्रायश्चित्त या दिवशी होतं, पण माणसाला दुखावलं असेल तर त्याची समजूत काढेपर्यंत होत नाही. पैसे बुडवलेत? आधी ते परत करा, मग माफी मागा. ‘कळत-नकळत चुकलो असेन तर क्षमस्व’ हा ग्रुपवर ढकललेला मेसेज म्हणजे निव्वळ पळवाट. समोरचा ऐकत नसेल तर तिघांना सोबत घेऊन पुन्हा जा, असं मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस सांगतो. तीनदा जाऊनही नकारच आला, तर दोष नाकारणाऱ्याचा. तो माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन कबरीपाशी कबुली द्यायची. आणि उपास लागतो त्या संध्याकाळच्या ‘कोल निद्रे’ या प्रार्थनेनं देवाला केलेले नवस सुटतात, शेजाऱ्याला दिलेला शब्द नाही.

‘हॅपी योम किप्पुर’ नको. ‘उपास नीट पार पडो’ पुरे. फोन बंद असतील, उत्तराची घाई करू नका. भेटायचं तर दुसऱ्या दिवशी जा. बेने इस्रायलींचा तो शिळा सण, दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्याचा.