ट्रेलरचे ड्रम ब्रेक शिकताना: आधी पट्टी, मग पाना

कळंबोली, उरण किंवा चाकणच्या बाजूला ट्रेलरच्या वर्कशॉपमध्ये नव्याने लागलेल्या मुलाच्या हाती बहुधा ब्रेकचंच काम येतं. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक किंवा मोटर मेकॅनिकचा ट्रेड झालेला असतो, पण एस-कॅमचा एअर ब्रेक अनेकांनी उघडून पाहिलेला नसतो. यात हवेच्या दाबाने चेंबरचा दांडा बाहेर येतो, तो स्लॅक ॲडजस्टर (थोडक्यात स्लॅक) नावाच्या भुजेला ढकलून इंग्रजी एस आकाराचा कॅम फिरवतो, आणि कॅम शूंना ड्रमवर दाबतो. त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. हायड्रॉलिक ब्रेक सैल झाला की पेडल खाली जातं आणि पायाला कळतं. एअर ब्रेकचं पेडल फक्त हवा सोडतं. तीन ॲक्सलच्या ट्रेलरवर सहा ड्रम असतात. त्यातले दोन काहीच धरत नसले तरी चालकाला पेडल रोजच्यासारखंच लागतं. त्यामुळे ‘ब्रेक बरा लागतोय’ या चालकाच्या शब्दावर गाडी सोडायची नाही. चेंबरचा दांडा किती बाहेर येतो ते स्टीलच्या पट्टीने मोजायचं. पट्टी, खडू, फीलर गेज आणि व्हर्नियर या चार वस्तू स्वतःच्या घ्या.

गाडी सपाट जागेवर उभी करा आणि ज्या चाकांना हात लावायचा नाही त्यांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जॅक फक्त उचलण्यापुरता. ॲक्सलखाली स्टँड बसल्याशिवाय चाक काढू नका. पार्किंग ब्रेकच्या दुहेरी चेंबरमध्ये प्रचंड ताकदीची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. काम करताना ती केजिंग बोल्टने मागे ओढून धरा. त्या चेंबरच्या मागच्या भागाचा क्लॅम्प कधीही सोडायचा नाही, चेंबर कितीही गंजलेला असला तरी. ती स्प्रिंग सुटली तर समोरचा माणूस वाचणं कठीण. खराब चेंबर अख्खा बदलतात. ड्रममधली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवायची सवयही लावून घेऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. धूळ ओल्या फडक्याने पुसा.

लायनर, म्हणजे शूवरचा घासला जाणारा थर, मध्यभागी 6 मिमीवर आला की बदलायचा. बदलताना एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू एकदम आणि एकाच ग्रेडच्या. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे जुना लायनर ठेवला तर ओल्या रस्त्यावर ट्रेलर एका अंगाला ओढतो. सील फुटून ग्रीस प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा गॅसने जाळून परत बसवलेला अनेक ठिकाणी दिसेल. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं, गरम झालं की ते पुन्हा वर येतं. असा लायनर फेकायचा, आणि सील बदलल्याशिवाय नवा बसवायचा नाही.

रिव्हेट मधल्यापासून कडेकडे मारत जा. मारून झाल्यावर शू आणि लायनरमध्ये फीलर गेजची 0.25 मिमीची पाती शिरता कामा नये. शिरली तर लायनर तडकणार. काही शूंना कॅमकडचा आणि अँकरकडचा तुकडा वेगळा असतो, मागची खूण बघून बसवा. रिटर्न स्प्रिंगा, रोलर आणि अँकर पिनचे बुश लायनरसोबतच नवे घाला. त्यांची किंमत ड्रम पुन्हा उघडण्याच्या मजुरीपेक्षा कमी असते.

ड्रमवर केसासारख्या बारीक उष्णतेच्या रेषा चालतात. कडेपर्यंत आरपार गेलेली चीर किंवा ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा जास्त झीज असेल तर ड्रम बाद. झिजलेल्या ड्रममध्ये झिजलेला लायनर राहिला तर कॅम रोलरच्या पुढे निघून पलटतो, आणि तो ब्रेक गेला.

कॅमशाफ्ट हाताने वरखाली हलवून बघा. बुश ढिले असतील तर ॲडजस्टमेंट टिकणार नाही. हब बसवताना बेअरिंग नट चाक फिरवत आवळा, मग मागे घ्या. बहुतेक ॲक्सलना 0.03 ते 0.13 मिमी खेळ चालतो, पण त्या ॲक्सलच्या पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर तेच पाळा.

आता सेटिंग. हाताने सेट करायच्या स्लॅक ॲडजस्टरवर लॉक दाबून नट फिरवा. लायनर ड्रमला टेकला की थांबा आणि पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे. लिव्हरने दांडा ओढला तर मोकळी चाल 13 ते 16 मिमी यावी. यानंतर खरी परीक्षा: पार्किंग ब्रेक सोडलेला, टाकीत 6 ते 7 बार हवा, इंजिन बंद. चेंबरच्या तोंडाशी दांड्यावर खडूची खूण करा, जोडीदाराला पूर्ण ब्रेक दाबून धरायला सांगा आणि खूण किती सरकली ते मोजा. साध्या टाइप 30 चेंबरला 51 मिमी ही शेवटची हद्द आहे. त्याच्या बरंच आत राहा, आणि डावी-उजवी बाजू जवळपास सारखी ठेवा. दाबलेल्या स्थितीत दांडा आणि स्लॅकची भुजा यांत काटकोन असावा. भुजेचं माप दोन्हीकडे एकच हवं. एकीकडे 152 आणि दुसरीकडे 165 मिमी झालं तर ब्रेकच्या जोरात आठ टक्क्यांहून जास्त फरक पडतो.

हद्द इतकी काटेकोर का, ते बोरघाट उतरताना कळतं. 420 मिमीचा ड्रम 300 अंशांनी तापला की व्यासात सुमारे 1.4 मिमी फुगतो. म्हणजे ड्रम लायनरपासून दूर जातो, आणि हे अंतर कॅम-स्लॅकच्या भुजेमुळे दांड्याच्या टोकाला अनेक पटींनी वाढून सेंटिमीटरच्या पुढे जातं. दांडा थंडपणीच 50 मिमी येत असेल तर घाटात तो चेंबरच्या तळाला टेकतो. हवा भरपूर असते, पेडल दाबलेलं असतं, पण शूवर जोर येत नाही.

ऑटोमॅटिक स्लॅक असेल तर चाल वाढली म्हणून पाना लावून कमी करू नका. तो स्वतः सेट होत नाही याचा अर्थ दांडा आणि स्लॅक जोडणारी क्लेव्हिस पिन झिजली आहे, कॅमचे बुश गेले आहेत, कंट्रोल आर्म चुकीच्या कोनात बसला आहे किंवा स्लॅकच आतून खराब आहे. दोष शोधल्याशिवाय पान्याने चाल कमी केली तर आज माप बरोबर दिसेल, पण थोड्याच दिवसांत पुन्हा वाढेल, आणि मधल्या काळात गाडी घाटात असेल.

ग्रीस कॅमच्या बुशांना आणि स्लॅकला, जुनं बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. ड्रमच्या बाजूने ग्रीस आलं तर तिथला सील गेला आहे, पुन्हा उघडा.

केजिंग बोल्ट काढून जागेवर ठेवला का, ते गाडी सोडण्याआधी बघा; तो राहिला तर पार्किंग ब्रेक धरतच नाही. नव्या लायनरचा पृष्ठभाग ड्रमला पूर्ण बसलेला नसतो, म्हणून रिकाम्या गाडीने आधी मध्यम वेगात मारलेले हलके ब्रेक, आणि त्यानंतर सहाही ड्रमची चाल पुन्हा मोजायची. चाकाचे नट टॉर्क रेंचने आवळा आणि 50 ते 100 किमी झाल्यावर परत तपासायला चालकाला बोलवा.