नर्सरीच्या अर्जाआधी तेरा ओळींचा कागद

ठाण्यात नर्सरीचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे निघू लागतात आणि तेव्हापासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एकच प्रश्न फिरत राहतो: कोणती शाळा चांगली? द्विभाषिक शाळेचा विचार करणाऱ्या पालकांनी या प्रश्नाच्या नादी लागण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर तेरा ओळी आखाव्यात. नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनियर केजी आणि पहिली ते दहावी अशा या तेरा इयत्ता. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने असावेत: गणित कोणत्या भाषेतून शिकवले जाते, परिसर अभ्यास किंवा विज्ञान कोणत्या भाषेतून, प्रश्नपत्रिका कोणत्या भाषेत येते, आणि शिक्षक वर्गात प्रत्यक्ष कोणत्या भाषेत बोलतात. पुढची जवळजवळ सगळी तयारी हा कागद भरण्याचीच आहे.

याचे कारण असे की 'द्विभाषिक' या एका शब्दाखाली आपल्याकडे किमान तीन निरनिराळ्या व्यवस्था चालतात. पहिली सर्वांच्या परिचयाची, म्हणजे सेमी इंग्रजी: माध्यम मराठी, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, इतिहास-भूगोल मराठीतून. दुसऱ्या व्यवस्थेत माध्यम पूर्ण इंग्रजी असते आणि मराठी हा एक विषय असतो. परंतु २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे केले आहे, त्यामुळे मराठीचा तास आहे एवढ्यावर स्वतःला द्विभाषिक म्हणवणारी शाळा कायद्याने जे करायचे तेवढेच करते आहे. तिसरी व्यवस्था विरळा आढळते. तीत एकच संकल्पना दोन्ही भाषांतून मांडली जाते आणि मुलाने कोणत्याही भाषेत दिलेले उत्तर स्वीकारले जाते. शिवाय सेमी इंग्रजी म्हटले तरी सर्वत्र एकच प्रकार नसतो. कोठे गणित पहिलीपासून इंग्रजीतून असते, कोठे पाचवीपासून, तर कोठे आठवीपर्यंत सगळे मराठीतून चालते आणि मग एकदम बदल होतो. म्हणून 'तुमची शाळा द्विभाषिक आहे का' असे न विचारता 'सहावीचे विज्ञान कोणत्या भाषेतून' असे विचारावे. आम्ही एका शाळेत हा प्रश्न कार्यालयात विचारला तेव्हा 'आमच्याकडे सगळंच दोन्हीतून आहे' असे उत्तर मिळाले. जिन्यावर भेटलेल्या विज्ञानाच्या बाईंनी मात्र दोन मिनिटांत सांगून टाकले की पुस्तक इंग्रजी आहे, त्या समजावून मराठीत सांगतात आणि उत्तरे मुलांनी इंग्रजीत पाठ करायची असतात. आमच्या कागदाचा चौथा रकाना त्या दिवशी भरला.

कागद भरत असतानाच शाळेची मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. घोडबंदर रस्त्यावर किंवा नवी मुंबईच्या एखाद्या सेक्टरमध्ये बंगल्यात भरणारी नर्सरी आणि तिच्याच नावाची, दोन किलोमीटरवरची पहिली ते दहावीची शाळा या कागदोपत्री वेगळ्या संस्था असू शकतात. सीनियर केजीच्या मुलांना पहिलीत थेट प्रवेश मिळतो की पुन्हा अर्ज करावा लागतो, हे लेखी विचारावे. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतील तिचा ओळख क्रमांक, अकरा अंकी असतो आणि महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तो मागितल्यावर कार्यालयाने टाळाटाळ केली तर तेथेच थांबावे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांचे शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करत असतात, तीही चाळावी. खारघर, कामोठे किंवा कळंबोली येथे राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की बोलताना आपण त्यांना नवी मुंबईच म्हणत असलो तरी हा भाग पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात येतो. शिक्षण हक्क कायद्याखालील (आरटीई) २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणाऱ्यांनी किंवा तक्रार घेऊन निघालेल्यांनी ठाण्याच्या कार्यालयात हेलपाटे घालू नयेत.

वयाची अट सरळ आहे: त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी ३ वर्षे आणि पहिलीसाठी ६ वर्षे पूर्ण असावीत. मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी, केवळ अट पूर्ण होते म्हणून घाई करावी का, याचा विचार करावा. दोन भाषांच्या वर्गात अकरा महिन्यांचा फरक, विशेषतः पहिलीत, स्पष्ट दिसतो.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ नावाला द्यावा. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा अर्ज या तिन्हींवर मुलाचे, वडिलांचे आणि आईचे नाव दोन्ही लिप्यांत अक्षर न अक्षर जुळले पाहिजे. आमच्या मुलीचे नाव मैत्रेयी. आधारवरील देवनागरी नाव यंत्राने इंग्रजीवरून उतरवले आणि ते 'मैथ्रेयी' झाले. शाळेच्या लेखनिकाने आधार समोर ठेवून जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मूळ नोंदवहीत, तसेच लिहिले आणि ती चूक चौथीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही, कारण घरी आम्ही इंग्रजी नावच वाचत होतो. शाळा सोडल्याचा दाखला याच रजिस्टरवरून निघतो, आणि मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती जितकी सोपी असते तितकी ती दाखला निघाल्यावर राहत नाही. जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जातीचा रकाना यांनाही हेच लागू आहे. प्रवेशाच्या दिवशी रजिस्टरमधील आपली ओळ दाखवा, अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये. काही जन्मदाखल्यांवर बाळाचे नावच नसते, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. असे असेल तर महापालिकेच्या नागरी सुविधा केंद्रातील काम अर्ज भरण्याच्या आधी उरकावे.

शाळा पाहायला जाताना इमारत, वर्गातील फळा आणि स्मार्ट बोर्ड यांच्याकडे फार वेळ पाहू नये, वह्या पाहाव्यात. तिसरीच्या गणिताची एक आणि सहावीच्या विज्ञानाची एक अशा दोन वह्या मागाव्यात, आणि शक्य असेल तर वर्गातील हुशार मुलाची नव्हे, मधल्या मुलाची वही मागावी. तिसरीच्या वहीत बेरीज-वजाबाकीच्या मांडणीपेक्षा शाब्दिक उदाहरणे पाहावीत. सेमीतील मुले अडतात ती बहुधा येथेच. सोळा पेढ्यांतून नऊ वाटले तर उरले किती, हे मराठीत क्षणात सांगणारे मूल इंग्रजी प्रश्नातील 'लेफ्ट' या शब्दापाशी थांबते, कारण त्याला लेफ्ट म्हणजे डावा हात एवढेच शिकवलेले असते. चांगले शिक्षक असे शब्द आधी फळ्यावर काढतात, मराठीत बोलून घेतात आणि मग उदाहरणाकडे वळतात; वहीत त्याच्या खुणा समासात दिसतात. सहावीच्या वहीत उत्तरे मुलाच्या मोडक्यातोडक्या वाक्यांत आहेत की चाळीस वह्यांत एकच वाक्य स्वल्पविरामासह उतरले आहे, हे पाहावे. मोडकी वाक्ये दिसली तर मला ती शाळा अधिक आवडेल.

आता संख्यांविषयी. या एका गोष्टीची तयारी घरी शाळा सुरू होण्याआधीपासून करता येते. मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो आणि चाळीस नंतर. इंग्रजीत फॉर्टी सेव्हन म्हणताना चाळीस आधी येतात. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहू लागले की ४७ च्या जागी ७४ येतात, आणि यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नसतो. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे पुढच्या दशकाचा उल्लेख करून एक वजा करतात, तर इंग्रजीत ट्वेंटी नाइन सरळ वीसमध्ये नऊ मिळवते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' असे वाचनही सुचवले गेले तेव्हा राज्यभर मोठा गदारोळ झाला होता. त्या सूचनेचे काय करायचे ते प्रत्येकाने ठरवावे, पण तिने ज्या अडचणीवर बोट ठेवले होते ती खरी आहे. त्यावर घरचा उपाय साधा आहे: दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधावेत, चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मांडाव्यात, आणि त्याच मांडणीला दोन्ही भाषांत नाव द्यावे. पाढ्यांबाबत मात्र दोन भाषांचा आग्रह धरू नये. 'बे दुणे चार, बे त्रिक सहा' याला जी लय आणि आटोपशीरपणा आहे तो इंग्रजी पाढ्यांना नाही. पाढे मराठीत पक्के झालेले मूल इंग्रजी गणिताच्या पेपरातही मनात मराठीच पाढे म्हणते, आणि तपासणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

घरच्या भाषेविषयी एक चूक फार होते. प्रवेश नक्की झाला की पालक मुलाशी अर्धेमुर्धे इंग्रजी बोलू लागतात, 'ॲपल ईट कर', 'शूज वेअर कर' अशा थाटात. त्यातून मुलाला चांगले इंग्रजीही मिळत नाही आणि मराठीतील क्रियापदेही हरवतात: सोलणे, चिरणे, निथळणे, उसवणे, विरघळणे. पुढे विज्ञानात विरघळण्याचा पाठ येतो तेव्हा ज्या मुलाला साखर पाण्यात विरघळते हे आधी मराठीत ठाऊक असते त्याला इंग्रजी शब्दाची फक्त चिठ्ठी चिकटवायची असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी असे म्हटले आहे, आणि विज्ञान-गणितासाठी द्विभाषिक पुस्तकांचा पुरस्कार केला आहे. तेव्हा जून उजाडण्याआधीच्या महिन्यांत रोज एक मराठी गोष्ट मोठ्याने वाचावी आणि आठवड्यातून दोनतीनदा एखादे सोपे इंग्रजी चित्रपुस्तक पूर्ण वाक्यांत वाचावे. एका वाक्यात एकच भाषा, एवढा नियम घरातल्यांनी पाळला तरी पुरे. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांनी इंग्रजीचे दडपण घेण्याचे कारण नाही.

फीबाबत बोलताना अवघडून जाऊ नये. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळेला पुढील वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही. त्या समितीतील पालक सोडतीने निवडले जातात, म्हणून सोडतीसाठी नाव अवश्य द्यावे. पावतीवर न येणारी कोणतीही रक्कम, मग ती इमारत निधी म्हणून मागितलेली असो वा ऐच्छिक देणगी म्हणून, देऊ नये. शिक्षण हक्क कायद्यात कॅपिटेशन फी, म्हणजे जाहीर फीव्यतिरिक्तची रक्कम, घेणाऱ्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यासही त्याच कायद्याने मनाई आहे. तरीही हा कायदा ६ ते १४ वयाविषयी बोलतो, आणि नर्सरीच्या पायरीवर शाळा 'भेट' किंवा 'इंटरॅक्शन' या नावाने मुलाला रंग ओळखायला सांगतातच. त्यासाठी वर्ग लावू नयेत. मुलाला 'शू लागली' हे अनोळखी बाईंना सांगता येते का, एवढीच तयारी मी आवश्यक मानतो.

अंतर नकाशावर मोजू नये. कासारवडवलीहून नौपाड्याला किंवा ऐरोलीहून ठाण्याला जाणारी बस सकाळी सातला आणि दुपारी एकला किती वेळ घेते हे एकदा स्वतः, शक्यतो पावसाळ्यात, प्रवास करून पाहावे, आणि बसमध्ये महिला मदतनीस आहे का हे थांब्यावर उभे राहून पाहावे. गणवेश आणि बूट यांना शेवटचा आठवडा पुरतो.

राहिल्या कागदावरच्या खालच्या ओळी, ज्यांचा विचार नर्सरीच्या वेळी कोणी करत नाही. नववी-दहावीला राज्य मंडळाचे गणित आणि विज्ञान प्रत्येकी दोन भागांत येतात, आणि ज्या शाळेत गणित पहिलीपासून इंग्रजीतून असले तरी विज्ञान आठवीला बदलते, तेथे आठवीच्या आधीच्या मे महिन्यात मुलाकडे शब्दांची एक वही असावी: डावीकडे प्रकाशसंश्लेषण, गुरुत्वबल, लसावि, मसावि आणि समोर त्यांचे इंग्रजी नाव. शाळेच्या माध्यमिक विभागाला दहावीच्या परीक्षेसाठी स्वतःचा इंडेक्स क्रमांक आहे का, की मुले दुसऱ्या शाळेमार्फत बसतात, हेही विचारावे. आपल्याकडचे विभागीय मंडळ वाशीलाच आहे, तेव्हा खात्री करून घेणे अवघड नाही. ज्या ओळींपुढे शाळेने 'ते पुढे बघू' असे सांगितले असेल त्यांच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करावे, आणि पहिल्या पालकसभेला डबा-पिशवीच्या सूचना ऐकायला जाताना तो कागद घडी घालून खिशात ठेवावा.