युरोपात बोर्ड गेम खेळायला माणसं कशी शोधायची

नवीन शहरात गेलं की गेमचे डबे कपाटात पडून राहतात आणि चौथा भिडू काही मिळत नाही, हे युरोपात बऱ्याच जणांचं दुखणं आहे. त्यावर लोक पहिलं काय करतात तर जर्मनीतल्या एसेन शहरात भरणाऱ्या श्पील या बोर्ड गेमच्या जत्रेचं तिकीट काढतात. जत्रा भारीच आहे, 1983 पासून चालू आहे, ऑक्टोबरमध्ये चार दिवस, 2024 ला 2 लाखांच्या वर लोक आले होते, पण एवढ्या गर्दीत ओळख टिकत नाही. माझं ऐकाल तर आधी दर आठवड्याला भरणारी छोटी बैठक शोधा, जत्रा नंतर.

शोधताना तिथल्या भाषेत शोधा, नाहीतर फक्त बाहेरून आलेल्यांचेच ग्रुप दिसतात. जर्मनी, ऑस्ट्रियात श्पीलेआबेंड (गेमची संध्याकाळ) नाहीतर श्पीलेट्रेफ (खेळायची बैठक), फ्रान्समध्ये स्वारे झ्यो (पुन्हा गेमची संध्याकाळच), बार आ झ्यो (गेम खेळायचा बार) आणि लुदोतेक, इटलीत सेराता जोकी (तीच गेमची संध्याकाळ). लुदोतेक म्हणजे गेमची लायब्ररी, डबे घरी नेता येतात आणि बऱ्याच ठिकाणी मोठ्यांसाठी वेगळी संध्याकाळ असते, त्यामुळे तिथे काम करणाऱ्यांनाच विचारा, गावात कोण कधी खेळतं ते त्यांना माहीत असतं. गेमच्या दुकानातही विचारा, तिथल्या फळ्यावर चिठ्ठ्या असतात. ऑनलाइन ग्रुप शोधायला मीटअप, डिस्कॉर्ड आहेतच.

पहिल्यांदा जाताना वेळेच्या थोडं आधीच पोचा. हे खरंच महत्त्वाचं आहे, कारण सगळे येतात, टेबलं ठरतात, गेम मांडले जातात आणि एकदा दोन तासांचा गेम सुरू झाला की उशिरा आलेल्याला कोणी मध्येच घेऊ शकत नाही, मग तो बिचारा कडेला बसून राहतो आणि त्याला वाटतं लोक तुसडे आहेत. तसं नसतं, जागाच नसते.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. अझुल, कार्कासोन, हाइव्ह या गेममध्ये वाचायला काही नसतंच, नियम एकदा कळले की झालं. कोडनेम्स हा संकेतावरून ओळखायचा गेम खेळायचा असेल तर चित्रांचा न्या, शब्दांचा नको. डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) वगैरे रोल प्लेइंगचं, म्हणजे एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायच्या गेमचं, मात्र वेगळं आहे, तिथे सगळा खेळच बोलण्यावर, म्हणून टेबल कुठल्या भाषेत आहे ते आधीच विचारून घ्या आणि सुरुवातीला एका बैठकीत संपणारी कथा पकडा, वर्षभर चालणाऱ्या कॅम्पेनला लगेच हो म्हणू नका.

जवळपास काहीच नसेल तर आपणच बोलवायचं. पण "कोणी आहे का खेळायला?" असं टाकलं तर लाइक येतात, माणसं येत नाहीत. असं लिहा: "गुरुवारी संध्याकाळी 7 ला, स्टेशनसमोरच्या कॅफेत, अझुल आणि कार्कासोन, अजून तीन जण हवेत, नियम मी शिकवेन, इंग्रजी किंवा मोडकंतोडकं जर्मन दोन्ही चालेल." वार, वेळ, गेम, भाषा, किती जण, सगळं त्यात आहे, वाचणाऱ्याला फक्त हो म्हणायचंय. पहिली भेट कॅफेतच ठेवा, घरी नंतर. आणि दोघंच आले तरी खेळा, पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच वेळ ठेवा, वार बदलत राहिला की ग्रुप जमतच नाही.

सीमेजवळ राहत असाल तर पलीकडेही बघा ना. जर्मनीतल्या आखेनहून नेदरलँड्समधलं मास्त्रिख्त आणि बेल्जियममधलं लिएज, दोन्ही जवळ, फ्रान्समधल्या श्ट्रासबुर्गहून नदी ओलांडली की जर्मनी, व्हिएन्नाहून स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लावा ट्रेनने तासाभरावर. लांबच्या लोकांशी बोर्ड गेम अरेना या ऑनलाइन खेळायच्या साइटवर खेळत राहा, तिथे नेहमीचे भिडू झाले की मग एसेन, फेब्रुवारीत फ्रान्समधल्या कानची किंवा ऑक्टोबरच्या शेवटी इटलीतल्या लुक्काची जत्रा, यातलं एक ठरवून तिथे भेटा.

एसेनला जाताना एकच लक्षात ठेवा, दिवसा हॉलमध्ये टेबल मिळवायलाच वेळ जातो, खरं खेळणं रात्री हॉटेलच्या लॉबीत चालतं, लोक दिवसभरात घेतलेले डबे तिथेच फोडतात. एखाद्या टेबलाला माणूस कमी दिसला तर सरळ जाऊन विचारा, बहुतेक वेळा खुर्ची सरकवतात.